केनवडचे आर्केलॉन

केनवड, ४ फेब्रुवारी १९३६. सकाळी थंडी. नव्या देवळात देवासमोर दगडी कासव बसायचे होते; बसले नाही.

जन्मभर जाती आणि पाटे घडवलेल्या इंद्रभान पाथरवटाला देवाचे काम पहिल्यांदाच मिळाले होते. म्हणून त्याने नेहमीचे कासव न घडवता मास्तरांच्या इंग्रजी पुस्तकातले घडवले: आर्केलॉन, केव्हाच नामशेष झालेले, बैलगाडीएवढे समुद्री कासव. पायांच्या जागी लांब वल्ही, पाठ रुंद आणि सपाट.

रामकिसन पाटलांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "इंद्रभान, याचे पाय कुठी हायेत?"

"समुद्रातलं हाय, पाटील. त्याले पाय कायले?"

"मंग देवळात काहून आणलं? समुद्रात सोड!"

"देवाच्या कासवानं मंदार पर्वत पाठीवर घेतला, तवा ते काय केनवडच्या विहिरीत व्हतं?"

सगळे हसले. पाटीलही मनापासून हसले आणि चार पायांचे कासव आणायला त्यांनी वाशीमला गाडी धाडली.

इंद्रभानने आपले कासव मास्तरांच्या अंगणात आणून टाकले. "तुमच्या पुस्तकातलं हाय, मास्तर. तुमीच सांभाळा."

मास्तरीणबाईंनी त्या संध्याकाळी रोजनिशीत लिहिले: धुण्याचा दगड नवा बसवला. जुना मधोमध चिरला होता.