डोळ्याचं तू माग

कॉलेजच्या सुट्टीत मी आमच्या चर्चच्या शिबिरासोबत बेंबळीला गेलो होतो. मोतीबिंदूच्या पेशंटना ऑपरेशनसाठी धाराशिवच्या गाडीत बसवण्याआधी त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम माझ्याकडं होतं. हिरव्या ओढणीतल्या एका म्हाताऱ्या खालांपुढं मात्र मी नुसताच उभा राहिलो. मुसलमान बाईला 'प्रार्थना करू का' असं विचारावं की नाही?

"लाजतोस कशाला बेटा?" त्या म्हणाल्या. "गुडघ्याचं मी रोज मागते अल्लाकडं. डोळ्याचं तू माग."

त्यांनी माझा हात धरला. मी डोळे मिटले. "प्रभू, यांच्या डोळ्याला..."

"डाव्या म्हण," त्या मधेच बोलल्या. "उजवा चांगलाय, त्याला हात लावायचा न्हाय."

"डाव्या डोळ्याला..."

हात थरथरत होता. बराच वेळ मला वाटलं, माझाच.