व्याह्यांच्या तिसऱ्या आणि माझं हळद-मीठ

मटणाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. हळद-मीठ चोळायचं, वाफेवर शिजवायचं, अळणी पाणी आधी पोरांना प्यायला द्यायचं. आमच्या उचगावात लग्नातला आचारीसुद्धा माझ्या तोंडाकडं बघून तिखट टाकतो. शाळा चौथीतच सुटली. पण पातेलं काय दाखला मागत नाही.

सून मात्र पोरानं कोकणातली आणली. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. तिला सहावा महिना लागला आणि अन्न तुटलं. पेढे झाले, लोणचं झालं, माझा तांबडा रस्साही तिनं उलटून टाकला. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर पोराचं वजन भरायचं नाही. काय खावंसं वाटतं विचारलं तर म्हणे तिसऱ्या. म्हणजे खाडीतल्या शिंपल्या! आमच्यात शिंपल्यानं कैरी सोलतात. त्याचे डोहाळे लागल्याचं मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. पण पोटातलं पोर आमच्या घराण्याचं. व्याह्यांना निरोप धाडला.

व्याही गगनबावड्याचा घाट चढून पहिल्या एसटीनं आले. हातात ओलं गोणपाट. एसटीतली निम्मी माणसं पुढच्या बाकड्यांवर सरकली असणार. आमच्या हिनं दारातच सांगितलं, "माझ्या चुलीवर ह्यो वास चढायचा न्हाय." मग घरामागं परड्यात तीन दगड मांडले आणि मी बाह्या सारल्या.

व्याही बोलतात हळू, शेजारी कुणी आजारी झोपल्यागत. म्हणाले, "दुपारपर्यंत मिठाच्या पाण्यात राहू देत. वाळू सोडतील."

"दुपारपतोर? आमच्यात पावण्याला दुपारपतोर उपाशी ठेवत न्हाईत, पावणं. वाळूला कसली मुदत द्यायची?"

दोन पाण्यांनी धुतल्या आणि मटणाला चोळतो तसं हळद-मीठ चोळलं. तर त्या बेट्यांनी तोंडंच मिटली. चार-दोन उघड्या होत्या, त्या व्याही उचलून फेकायला लागले.

"अवो, ह्याच तेवढ्या उघडल्यात, आणि ह्याच टाकताय व्हय?"

"उघडी ती मेलेली. मिटलेली ती जिवंत."

घाटाखाली माणसंही याच हिशोबानं जगतात वाटतं.

मग व्याही विळी घेऊन बसले. खाली परात. एकेक शिंपली पात्यावर टेकवून उघडायची, मांसाची शिंप ठेवायची, रिकामी टाकायची. सगळी सकाळ त्यात गेली. आणि मांस केवढं? नखाएवढं. आमच्यात एवढं दाताच्या फटीत राहतं. परातीत पांढुरकं गढूळ पाणी साचलं होतं. धुण्याचं समजून मी ते ओतायला परात उचलली.

"मामा, थांबा!"

सून. माझ्यासमोर जिचा आवाज कधी फुटला नव्हता, ती परड्यात येऊन परातीचा काठ धरून उभी. "सगळी चव त्या पाण्यात असते. तुम्ही मटणाचं अळणी पाणी ओतून देता का?"

कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "हाणलं की सुनेनं!"

"तू तुझी म्हस बघ," म्हटलं. पोटुशीशी परात ओढत बसायची असती काय? सोडली.

ते पाणी तिनं फडक्यातून गाळलं. कांदा परतला, खोबरं वाटून घातलं, कोकमं टाकली. मी तिखट चटणीचा डबा पुढं केला, तर बाप-लेक दोघांनी एकदमच हात आडवा धरला. एवढा एका मताचा कारभार आमच्या ग्रामपंचायतीतही दिसला नाही.

सून परड्यातच पाटावर बसून जेवली. शिंप तोंडाला लावून सुरसुर ओढायची. मधूनच दाताखाली वाळू करकरायची. व्याही माझ्याकडं बघायचे, मी शेवग्याच्या झाडाकडं. पण ती थांबली नाही. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं भात मागून घेतला, आणि तो पोटात राहिला. शेवटी चुलीवर वास नको म्हणणारी आमची हीच हातात पळी घेऊन आली, नाकाला पदर लावून. "आणि वाढू का गं?"

मला कुणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही. मला काय डोहाळे लागले नव्हते.