डावीकडचे बटाटे

युरींनी कागद परत दिला आणि मी तो दोनदा बघितला. मी काढून दिलेल्या गोलात बाराही आकडे होते, पण सगळे उजव्या अर्ध्यात, एकमेकांना चिकटून. डावा अर्धा कोरा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असं मी सांगितलं होतं. दोन्ही काटे उजवीकडेच.

सई, कबीर, तुमच्या आजीच्या हॉस्पिटलातली ही साधी टेस्ट आहे. वयस्कर पेशंटला घड्याळ काढायला लावलं की मेंदूचं काम कसं चाललंय याचा अंदाज येतो. युरी चौऱ्याऐंशी वर्षांचे. इथे आयर्लंडमध्ये, ॲथलोन गावाच्या बाहेर एकटे राहत. घरात पडले, डावा खांदा सुजला. हाड मोडलं नव्हतं, डोक्याला मार नव्हता, म्हणून डोक्याचा स्कॅन केला नव्हता. त्यांना शुक्रवारी घरी जायचं होतं. महिन्याभरात चित्रांचं प्रदर्शन होतं. मी सही केली तर घर, नाही तर नर्सिंग होमची, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमाची, चौकशी.

"आकडे असे का काढलेत?" मी विचारलं.

"माझ्या वयात वेळ एका बाजूला गोळा होते, डॉक्टर. तुम्ही अजून लहान आहात."

मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला हसू आलं, आणि मार्क किती द्यावेत ते कळेना.

युरी एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार. म्हणजे वस्तू दिसते तशी न काढता, ती बघताना मनात जे होतं ते काढणारा. रशियातल्या एका नदीकाठच्या गावात जन्म, वडील रेल्वेत. तरुणपणी एका आयरिश मुलीशी लग्न करून इथे आले, शाळेत ड्रॉइंग शिकवलं आणि चाळीस वर्षं इथली दलदल रंगवली. लाल दलदल, हिरवं आकाश, जांभळ्या गाई. अशा माणसाकडून मी नीटनेटकं घड्याळ मागत होते.

दुपारी त्यांची मुलगी नीना आली. मी तिला कागद दाखवला.

"डॅडी असेच काढतात," ती म्हणाली आणि फोनवर नवी चित्रं दाखवली. सात चित्रं. प्रत्येकात उजवीकडे दलदल पेटलेली, डावीकडे नुसता कॅनव्हास. "गॅलरीवाले याला त्यांचा मौनाचा काळ म्हणतात. त्यांना फार आवडलीत."

आपल्याला कलेतलं कळत नाही असं दिसू नये, ही माझी जुनी खोड. संध्याकाळी लायब्ररीतून पुस्तक आणलं, व्यवस्थित नोट्स काढल्या. मोकळी जागासुद्धा बोलते, असं त्यात होतं. मला पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी सोडण्याच्या कागदावर सही केली.

साडेबाराला जेवण वाटणारी मोरीन मला कॉरिडॉरमध्ये भेटली.

"डॉक्टर, तुमच्या त्या चित्रकाराचं काय आहे? चार दिवस झाले, बटाट्याला हात लावत नाही. वर भूक लागली म्हणून दुसरं पुडिंग मागतो."

"आवडत नसतील."

"बटाटे? आयर्लंडमध्ये?" मोरीन म्हणाली. "आणि कालचं गाजर मात्र खाल्लं, तेही अर्धंच."

मी जाऊन बघितलं. प्लेटच्या मधोमध पट्टी ठेवून रेघ मारावी तसं. उजवीकडचं मांस आणि वाटाणे चाटूनपुसून साफ. डावीकडे बटाट्यांचा ढीग, जसाच्या तसा.

"जेवण झालं?"

"झालं. फारच कमी देतात तुमच्याकडे."

मी प्लेट अर्धी फिरवली.

"बटाटे!" युरी म्हणाले. "हे कधी आणलेत?" आणि सगळे खाल्ले.

मी खुर्चीवर बसले. नंतर उठून सही केलेला कागद फाईलमधून काढून घेतला.

स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला काही महिन्यांपूर्वीचा छोटा स्ट्रोक दिसला. अशा वेळी डोळे चांगले असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. दाराची डावी चौकट त्यांच्या लेखी नव्हतीच, म्हणून तिला धडकून पडले आणि खांदा सुजला. घरी त्यांची चूल डावीकडे होती. आणि ते गाडी चालवत होते.

हे त्यांना सांगणं माझं काम होतं. नीना शेजारी होती. युरींनी तिच्या फोनवरची चित्रं मागून घेतली.

"म्हणजे ती मोकळी जागा मी सोडलेली नाही?"

"नसावी."

"मग कोणी सोडली?"

चित्रं त्यांचीच होती, हात त्यांचाच होता. पुस्तकात यावर काही नव्हतं, माझ्या मेडिकलच्या पुस्तकातही नाही.

"घर की नर्सिंग होम?" त्यांनी विचारलं.

"घर. पण शुक्रवारी नाही."

तीन आठवडे थेरपिस्टने त्यांना मान डावीकडे वळवायला शिकवलं. घरातल्या प्रत्येक चौकटीच्या डाव्या कडेला लाल टेप लावली, कॅनव्हासच्याही. गाडीची किल्ली नीनाने नेली. त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, तेही वॉर्डातच.

प्रदर्शन उशिरा झालं. मी गेले होते. सहा चित्रं युरींनी उलटी करून उरलेला अर्धा भाग भरला होता, त्यामुळे एकीकडच्या गाई सरळ आणि दुसरीकडच्या पाय वर करून. सातवं चित्र तसंच होतं, डावा अर्धा कोरा.

"हे राहिलं का?" मी हळूच विचारलं.

"नाही. हे मी सोडलंय."

मी त्या चित्रासमोर डावीकडून उभी राहिले, मग उजवीकडून. काही कळलं नाही. मोरीनही आली होती. ती म्हणाली, "ग्रँड आहे." इथे ग्रँड म्हणजे ठीक.

अजूनही मी पेशंटना घड्याळ काढायला लावते. पण आता त्याआधी त्यांची प्लेट बघते. जेवताना कोणी शैली दाखवत नाही.