दोन स्क्रीन, एक कार्ड आणि काळी पट्टी

मंगळवारी डहाणूत एका कॉम्प्युटरने माझं डोकं असं फिरवलं, की अजून जागेवर आलेलं नाही. लिहून टाकतो, म्हणजे जरा तरी शांत वाटेल...

सध्या मी निलेशकडे राहतोय. शाळेपासूनचा दोस्त, फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ चालवतो. माझं काय, चार दिवस इथे, आठ दिवस तिथे... फुकट राहतो म्हणून त्याची पडेल ती कामं करतो.

निलेशकडे लग्नाचा व्हिडिओ कोणी नुसता घेऊन जात नाही. आधी अख्खं घर येऊन बाकावर बसतं आणि हुकूम सोडतं. ह्या मामाला काढ, त्या आत्येला ठेव, तो नाचणारा कोण आहे, त्याला तर आधी काढ! निलेश तिथल्या तिथे कापतो. म्हणून त्याला दोन स्क्रीन लागतात, एक त्याच्यासमोर, एक बाकाकडे. एकच स्क्रीन असली की सगळे त्याच्या खांद्यावर चढतात. मागे एका आजीच्या कोपराने अख्खा मांडव डिलीट झाला होता.

तर निलेशने नवीन ग्राफिक कार्ड घेतलं. वापीचे भरतभाई आठवड्यापूर्वी येऊन बसवून गेले. एडिटिंग एकदम मक्खन... पण मंगळवारी सकाळी बाकाकडची स्क्रीन जोडायला गेलो, तर तिची वायर जुनी, निळ्या तोंडाची. नव्या कार्डाला तसलं भोकच नाही!

मशीनच्या मूळ बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डला, होतं. आधी ती स्क्रीन तिथेच चालायची. पण भरतभाईंनी त्यावर काळी पट्टी मारून ठेवलेली.

"पट्टी मारलीय म्हणजे ते जळलंय. हात लावू नको, कार्डपण उडेल," निलेश म्हणाला. मला पटलं. आमच्या दोघांचं कॉम्प्युटरचं ज्ञान एवढंच. भरतभाई फोन उचलेनात.

आणि नेमके त्याच दुपारी धाकट्या डहाणूचे एक काका येणार होते. त्यांची मुलगी वैशाली लग्नानंतर दोन दिवस माहेरी आलेली, बुधवारी सकाळी परत सासरी. काका स्वतः तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे कप्तान. संध्याकाळच्या भरतीवर बोट काढणार, की मग दहा दिवस समुद्रात. बापलेकीला लग्न एकत्र बघायचं होतं आणि त्यासाठी तेवढीच एक दुपार.

तलासरीच्या एका दुकानात कन्व्हर्टर आहे असं कळलं. निलेशची बाईक काढली, गेलो, मिळाला. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, उधव्याला ताडगोळे मस्त आलेत... आता एवढं ऐकल्यावर माणूस सरळ परत कसा येणार?

"कुठे मेला होतास?" दारातच निलेश.

"उधव्याला."

"उधव्याला कशाला?"

मी पिशवी पुढे केली. त्याने एकही ताडगोळा खाल्ला नाही, यावरून त्याची अवस्था समजा.

कन्व्हर्टर लावायला गेलो तर त्याला चार पिना जास्त! कार्डाच्या बाजूला त्यांच्यासाठी भोकंच नाहीत. निलेशने पक्कड आणली आणि चारही पिना मोडल्या. मग बसला व्यवस्थित. स्क्रीनवर आलं... नो सिग्नल. त्या चार पिनांतूनच जुन्या स्क्रीनला चित्र जातं, आणि ह्या कार्डातून ते निघतच नाही, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे पिना नसत्या मोडल्या तरी तेच!

तेवढ्यात मंडळी आली. काका, वैशाली आणि तिची मावशी. अर्धा तास आम्हा दोघांना टेबलाखाली वाकलेलं बघून मावशी म्हणाली, "काय रे पोरांनो, लग्न लागायलापण एवढा वेळ नव्हता लागला."

काका फक्त मोबाईलवर वेळ बघत होते.

शेवटी भरतभाईंनी फोन उचलला. "अरे भाई, मदरबोर्डला लाव ने!"

"ते जळलंय ना?"

"कोण बोलला? पट्टी मीच मारली. कार्ड बसवलं की लोक सवयीने स्क्रीन जुन्याच जागी लावतात, काळं दिसतं, आणि मला वापीवरून पळवतात. म्हणून सगळ्यांकडे पट्टी मारतो."

कार्ड लागलं की मशीन आतलं ग्राफिक आपणहून झोपवतं. चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, सेटिंगमध्ये जाऊन त्याला उठवायचं, मग दोन्ही एकदम चालतात. एवढंच!

"मग आधीच का नाही केलंत?" मी ओरडलोच.

"दोन स्क्रीन पाहिजेत असं बोलला कोण?"

पट्टी काढली, सेटिंग केलं. बाकाकडची स्क्रीन दोनदा लुकलुकली आणि लागली. रंग जरा पिवळट, पण लागली. मावशीने लगेच तीन नातेवाईक कापायला लावले.

व्हिडिओत पाठवणीला सगळे रडत होते, काका मात्र कुठेच दिसेनात. मग एका शॉटमध्ये कॅमेरा फिरला... मांडवाच्या मागे काका एकटेच. खुर्च्यांवर खुर्च्या रचत होते. रचलेल्या काढून परत रचत होते.

"हे काढ रे," काका म्हणाले. "खुर्च्या काय बघायच्या?"

"नाही काढायचं," वैशाली म्हणाली. "बाबांनी सांगितलं तरी नाही."

निलेशचं बोट बटणावर. तो एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे.

काकांनी परत मोबाईलवर वेळ बघितली. मग खिशात टाकला. "लाव परत एकदा," म्हणाले.

तो शॉट आम्ही चार वेळा बघितला. मग काका बोटीवर गेले.

कार्डावरचा राग माझा अजून गेलेला नाही. पण त्या दुपारी मी त्या खोलीत होतो, हे बरं झालं...