बादलीच्या झाकणावरचा दगड

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही चांगला मासा खाल्ला नाही आणि एकही वाईट मासा सोडला नाही. यातलं पहिलं विधान मी पाच वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहिलं आहे. दुसरं विधान त्यांचं स्वतःचं होतं. ते पुरतं खरं नव्हतं, हे मला माकणी सोडायच्या दिवशी कळलं. पण त्याविषयी नंतर.

मी तेव्हा माकणीच्या शाळेत इतिहास शिकवत होतो आणि भूकंपानंतरच्या पुनर्वसनात बांधलेल्या त्यांच्या घराचा अर्धा भाग मला भाड्यानं मिळाला होता. मधे एक भिंत, वर दोघांचे मिळून पत्रे. भिंत पत्र्यापर्यंत पोचली नव्हती, त्यामुळे इकडची शिंक तिकडे मोजली जाई. मालक पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं दार उघडून ज्याच्या त्याच्या रानाला पाणी सोडायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं आणि निवृत्त झाल्यावर, आता तरी पाणी जरा जागेवर थांबलेलं बघावं म्हणून, धरणाच्या भिंतीवरच्या दगडांवर गळ टाकून बसू लागले. रोज सकाळी सहाला जायचे. सोबत कणकेचा गोळा, गांडुळांचा डबा, आणि डोक्याला इतका जुना टॉवेल, की त्याचा मूळ रंग त्यांच्याखेरीज कुणाला आठवत नसावा.

त्यांच्या गळाला रोहू लागे, कटला लागे, एखाद्या दिवशी मरळसुद्धा लागे. मरळ म्हणजे आमच्या भागातला माशांमधला पाटील. ती लागली की शेजारी बसलेल्यांचे डोळे मोठे होत. मालक ती शांतपणे गळावरून काढत आणि जवळच्या कुणाच्याही पिशवीत टाकत. "न्या. ह्यात काय हाय? हे तर कुणीबी खातंय." आणि त्या माणसानं तोंड वाकडं करून बाजूला फेकलेली चिलापी, मिशा असलेली शिंगटी, बोटाएवढ्या काटेरी चिंगळ्या, असला सगळा बहिष्कृत समाज गोळा करून घरी आणत. चिलापीला लोक म्हणायचे, ती घाणीत वाढते. शिंगटीला म्हणायचे, तिचं तोंड बघवत नाही. मालकांचं म्हणणं असं, की तोंड बघून जेवायचं ठरवलं तर गावातल्या निम्म्या पंगती उठवाव्या लागतील. "मासा वंगाळ नसतोय, सर," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "खाणाऱ्याला दम नसतोय."

दम कशाला लागतो, ते त्याच दुपारी कळलं. त्यांनी मला चिंगळ्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी वाढली. त्या ताटाला मी सव्वा तास दिला. एवढा वेळ मी लग्नातल्या जेवणालाही दिला नव्हता. काटे काढून काढून शेवटी ताटात माशापेक्षा मोठा ढीग झाला, आणि समोर बसून मालक एखाद्या परीक्षकासारखे बघत होते. चवीचं विचाराल, तर चव येसुराची, म्हणजे भाजक्या मसाल्याच्या पिठाची होती. मालक चिलापी येसुरात करत, शिंगटी येसुरात करत, आणि चुकून गळाला चप्पल लागली असती तर तीही त्यांनी येसुरात केली असती आणि आम्ही भाकरीशी खाल्ली असती. त्यांच्या रश्शात मासा निमित्तमात्र असे. हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती, कारण ते वाढताना फार आनंदात असत.

हा सगळा स्वयंपाक परसात, तीन दगडांवर चाले. मालकीणबाई माळकरी. मासळीचं भांडं, चमचा, मीठसुद्धा वेगळं, आणि मालकांनी हात तीनदा धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा त्या घरातला करार होता. तो एकदाच मोडला. चिखलाचा वास जाण्यासाठी मासा दोन दिवस स्वच्छ पाण्यात जिवंत ठेवावा, असं मालकांचं शास्त्र होतं, आणि त्या आठवड्यात गावात स्वच्छ पाणी फक्त आमच्या हौदात होतं. मी सकाळी दात घासायला तांब्या बुडवला, तर आतून मिशावाली शिंगटी माझ्याकडे बघत होती. मी ओरडलो. मालकीणबाई धावत आल्या. पुढचे चार दिवस मालक परसातच जेवले आणि झोपलेही. "सर, तुमी आरडलात कामून?" एवढंच ते दुखऱ्या आवाजात म्हणाले. "ती काय चावायली व्हती व्हय?"

एकदा धरणावरच्या विश्रामगृहात कुणी मोठे पाहुणे येणार होते. त्यांना मरळच पाहिजे, असा निरोप चार जीपगाड्यांमधून गावात फिरला. नेमकी त्या दिवशी मरळ कुणालाच लागली नाही. शेवटी कुणीतरी मालकांना गाठलं, आणि मालकांनी निमूटपणे शिंगट्या राखेनं घासून, डोकी काढून, येसुरात शिजवून पातेलं पोचतं केलं. पाहुण्यांनी तीनदा वाढून घेतलं. मग मालकांना समोर बोलावून, बाकीचे सगळे उभे असताना, म्हणाले, "अशी मरळ आम्हाला मुंबईतसुद्धा मिळत नाही." मालक हात जोडून म्हणाले, "मिळत असंल की साहेब. फेकून देत असतील." सगळे हसले. पाहुणेही हसले. ते कशाला हसले, हे त्यांना अजून माहीत नसावं.

मग लग्न होऊन माझी बायको माकणीला आली.

ती मालवणाजवळची. आमची ओळख कोल्हापूरला शिकताना झाली होती, आणि तेव्हा मी तिला माकणीचं वर्णन करताना 'धरणाकाठचं गाव' असं म्हटलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण समुद्राकाठी वाढलेल्या मुलीनं 'काठ' हा शब्द ऐकून जे मनात आणलं असेल, ते माकणीत नव्हतं. काळं रान, पांढरं ऊन आणि मधे एक गप्प पाणी. पहिले दोन महिने तिनं सगळं आवडून घेतलं. मालकांनी हौसेनं चिलापी करून आणली, तेव्हा ती म्हणाली, "काका, मसाला फार छान आहे." मालकांचा चेहरा उतरला. तीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघून पाण्याची पाळी ठरवलेल्या माणसाला न बोललेलं वाक्य बरोबर ऐकू येतं.

पुढे ती जेवेनाशी झाली. आजारी नव्हती, भांडत नव्हती. भात चिवडायची आणि उठायची. माघातल्या एका शुक्रवारी ती मला म्हणाली, "मी रविवारच्या गाडीनं आईकडे जाते. तू सुट्टीत येत जा. मला इथं राहणं जमेल असं वाटत नाही." मी इतिहासाचा माणूस. मला घडून गेलेल्याची कारणं सांगता येतात. तिनं बॅग भरून दारामागे ठेवली. भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, हे मी वर सांगितलंच आहे.

शनिवारी सकाळी मालक धरणावर गेले नाहीत. ओट्यावर येऊन बसले आणि टॉवेलानं चेहरा पुसत बायकोला म्हणाले, "सूनबाई, एक इचारू? तुमच्याकडं कुणीच खात न्हाय असला मासा कोणता?"

"असला नाहीच, काका. आम्ही मोरी, म्हणजे तो छोटा शार्क, तोही खातो, वाम खातो..."

"वाम? ती सापावानी लांबडी? ती खातेत?"

"अहो, चुलीवरून उतरायच्या आधी संपते!" आणि बोलता बोलता ती वाम कशी करतात हे सांगायला लागली. राखेनं तिचा बुळबुळीतपणा कसा काढायचा, तुकडे केवढे करायचे, खोबरं किती, कोकम कधी. पाच मिनिटं सलग बोलली. महिन्याभरात ती एवढं बोलली नव्हती. मालक मान हलवत ऐकत होते, पण चेहरा मात्र जरा फिका दिसत होता. उन्हाचं असेल, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी, गाडीला दोन तास असताना, मालक आले. हातात बादली, बादलीवर झाकण, झाकणावर चांगला पाचेक किलो वजनाचा दगड. बादली त्यांनी ओट्यावर ठेवली आणि चार हात मागे सरकून उभे राहिले. "बघा सूनबाई, तुमच्या वळखीची हाय का."

तिनं दगड काढला, झाकण उचललं आणि आत हात घातला. पाठीवर बारीक काट्यांची रांग असलेली, करडी, हातभर लांब वाम तिच्या मनगटाला विळखा घालायला लागली. बायको खळखळून हसली. "अगं बाई! आमच्या वामेची ही मावसबहीणच की!"

कोकम तिच्या बॅगेतच होतं. त्यासाठी भरलेली बॅग उघडावी लागली. अडलं ओल्या नारळावर. माकणीत तो दुकानात मिळत नसे. तेव्हा आतापर्यंत दाराआडून सगळं बघणाऱ्या मालकीणबाई आत गेल्या आणि आदल्या दिवशी मारुतीला फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी घेऊन उंबऱ्यावर आल्या. "हा परसाद हाय," त्या बायकोला म्हणाल्या. "म्या दिला, तू घेतला. त्याचं तू काय करतीस, ते म्या इचारलं न्हाय आन् तू सांगितलं न्हाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा गोड्या पाण्यातला मासा माशासारखा लागताना खाल्ला. चिखलाचा वास नाही, येसूर नाही; मऊ, चिवटसर, किंचित गोड मांस, आणि काटा मधोमध एकच, सव्वा तासाची सजा नाही. बायको दोनदा भात घेऊन जेवली. मालकांनी पहिला तुकडा डोळे मिटून खाल्ला. मला वाटलं, रसिकता. मग डोळे उघडून म्हणाले, "वाढा आजून." गाडी केव्हाच गेली होती. "पुढच्या रविवारी जाईन," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी पुन्हा बादली आली. शनिवारी मारुतीला नारळ, रविवारी ओट्यावर वाम, असा रिवाजच पडला. मारुतीची भक्ती त्या वर्षी आमच्या घरात बरीच वाढली. बॅग दारामागे तशीच होती, पण दर आठवड्याला तीतून एकेक वस्तू बाहेर येई. आधी कोकम, मग साडी, मग तिच्या आईचा फोटो. पावसाळा सरता सरता मी तीत कांदे ठेवायला लागलो, आणि बायको तिथूनच ते काढून चिरायला लागली.

चार वर्षांनी माझी बदली धाराशिवला झाली. सामान टेम्पोत चढत होतं. बायको परसात तीन दगडांपाशी उभी राहून रडत होती. मालक तिची समजूत घालत होते आणि ते काम अर्थातच त्यांना जमत नव्हतं. मालकीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, आता सांगायला हरकत न्हाय. ह्यांला सापाचं लई भ्या."

"म्हणजे?"

"दोरी हालली तरी उडतेत. कालव्यावर व्हते तवा दार उघडायच्या आधी धा दगडं मारायचे. वाम गळाला लागली की दोरीच तोडून टाकायचे, गळासकट. जल्मात कधी हात लावला न्हाय. त्या पयल्या रविवारी घरी आले, दोन तांबे पाणी पिले. म्या म्हणलं, सोडा की, लोकाची लेक हाय. तर म्हणले, आगं, पोर जायलीय."

एकही वाईट मासा न सोडणाऱ्या माणसानं आयुष्यभर एक मासा सोडला होता, आणि तोच त्यांनी चार वर्षं दर रविवारी आमच्यासाठी धरला. झाकणावरच्या त्या दगडाचं वजन मला तेव्हा कळलं. मी त्यांना काही बोललो असतो तर ते म्हणाले असते, त्यात काय हाय.

लोक मला अजून विचारतात, की असले नावडते मासे खरंच खाण्यासारखे असतात का. चिलापी ताजी असेल तर असते. शिंगटी राखेनं घासली तर असते. चिंगळ्यांविषयी मी तज्ज्ञ म्हणून बोलू शकतो आणि म्हणूनच बोलणार नाही. वामेबद्दल मात्र माझं मत कुणी विचारू नये. ते निःपक्षपाती नाही. आमच्या घरात दोन माणसं राहतात, ती तिच्यामुळे.

धाराशिवलाही बरीच वर्षं रविवार चुकला नाही. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाण्याचा कॅन यायचा, तोंड सुतळीनं तीनदा बांधलेलं. गाठी सोडवायला दहा मिनिटं लागत. अलीकडे कॅन येत नाही. मालकांचे गुडघे गेले आहेत. धरणाच्या दगडांवर उतरवत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही माकणीला गेलो होतो. ओट्यावर बादली होती. आतली वाम त्यांनी कुणा ओळखीच्या, मासे धरणाऱ्या भोयाकडून मुद्दाम मागवली होती. झाकणावर दगड नव्हता. बायको वाकली, तर ते म्हणाले, "थांबा सूनबाई, आज म्या दावतो," आणि त्यांनी बादलीत हात घातला. वाम वर आली, मनगटाला वळली. त्यांचा हात थरथरत होता. वयानं की कशानं, ते मी विचारलं नाही. बायकोनं खालून आपला हात लावला, आणि ती दोघं वाम घेऊन परसातल्या तीन दगडांकडे निघाली.