लॅक्रॉस, एक पत्रक आणि सहा आठवड्यांची लिंबं

लॅक्रॉस हा खेळ मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यातला चांगला संघ निवडायची जबाबदारी माझ्यावर आली.

(ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी: फुलपाखरं पकडायच्या जाळीला दांडा लावायचा, जाळीत रबरी चेंडू घ्यायचा आणि धावत सुटायचं. फेकणं, झेलणं, सगळं जाळीनेच!)

माझी मुलगी इरा, वय वर्षं दहा, शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरात हा खेळ शिकून आली आणि सिंगापुरातल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमधली एकही वस्तू जागेवर राहिली नाही. बिल्डिंगखालच्या मोकळ्या तळमजल्यावर चेंडू खेळायला मनाई. तशी पाटीच आहे. म्हणून ती घरात खेळली. पहिल्या दिवशी ट्यूबलाइट गेली, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी. मग आम्ही रीतसर सभा घेतली आणि चेंडूवर बंदी घातली. दुसऱ्या दिवसापासून ती लिंबांनी सराव करू लागली. ठरावात लिंबांचा उल्लेख नव्हता!

सभा हा शब्द मी गमतीने वापरत नाही. माझे आप्पा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांचे पुढारी. आमच्या घरी खेळणी कमी आणि पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, चालायला शिकले ती मोर्चात. दिवाळीत शेजारी चकलीची भाजणी भिजायची, आमच्याकडे भिंतीवर पत्रकं चिकटवायची खळ शिजायची. आप्पांचे दोन नियम मी सिंगापूरला येताना लोणच्याच्या बरणीबरोबर आणले. एक, सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय कुठलाही ठराव मतदानाला टाकायचा नाही. दोन, छापलेला कागद एकट्याने मागे घ्यायचा नाही. सभा नवा ठराव करेल तेव्हाच तो मागे जातो. आमच्याकडे रात्री भेंडी करायची की कोबी, हेसुद्धा याच पद्धतीने ठरतं. (इराच्या पिझ्झाच्या ठरावाला आजवर एकदाही अनुमोदक मिळालेला नाही. तिचे बाबा भित्रे आहेत.)

तर, दोन क्लब होते. एक आमच्या घराजवळ. येईल त्या मुलीला घ्यायचे, सगळ्यांना सारखा वेळ खेळवायचे. दुसरा बुओना व्हिस्टाचा. तिथे जागा वीस आणि शनिवारी सकाळी निवड चाचणी.

"घराजवळचा," मी जाहीर केलं. "इथे समता आहे!"

"इथे कोच नाहीये," सलील म्हणाला. सलील माझा नवरा. तांजोंग पगारला एका बँकेत हिशेबनीस आहे आणि प्रेमसुद्धा एक्सेलमध्ये करतो. त्याने दोन्ही क्लबांचा तक्ता बनवला होता. "मागच्या रविवारी मी जाऊन आलो. एक काका मुलींना बिस्किटं वाटत होते. चेंडू घरी विसरले होते."

"आई, बट शू लिन बुओना व्हिस्टाला जातेय," इरा म्हणाली.

खरा मुद्दा हा होता. शू लिन समोरच्या दारातली. गेले सहा आठवडे रोज शाळेतून आल्यावर या दोघी कॉरिडॉरच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींकडे लिंबं फेकत होत्या. आधी दहातली नऊ पडायची, आता दहातलं एखादं. पडलेली लिंबं फुटायची आणि आम्ही ती खायचो. लिंबूभात, सरबत, पुन्हा लिंबूभात! शू लिनच्या आईने तर माशापासून चहापर्यंत सगळ्यात लिंबू पिळलं. दोन कुटुंबांचे दात आंबले होते, पण पोरी झेलायला शिकल्या होत्या.

"चाचणी म्हणजे काय माहितेय का?" मी आवाज चढवला. "चाळणी! दहा वर्षांच्या लेकरांना चाळायचं, वरची ठेवायची, खालची फेकायची! आप्पा असते तर..."

"आप्पा आहेत," सलील म्हणाला. "काल फोनवर विचारत होते, लॅक्रॉसला हेल्मेट लागतं का."

"आई, आय वाँट द चाळणी," इरा म्हणाली. "मी वर राहीन लाह!" (इथे वाक्याच्या शेवटी 'लाह' लागतो, आपल्या 'ना'सारखा.)

मतदान झालं. दोन विरुद्ध एक. बुओना व्हिस्टा! लोकशाहीपुढे मी मान तुकवली. पण पत्रक काढायचं नाही, असं कुठल्याही ठरावात म्हटलेलं नव्हतं. (लिंबांवरून मी शिकले होते.)

शुक्रवारी मी पत्रक लिहिलं. इंग्रजीत, पण आतून इचलकरंजीचं. मथळा: मुलांना चाळू नका! खाली तीन कडक परिच्छेद आणि शेवटी, "आम्ही खाली सही करणारे पालक निवड चाचणी रद्द करण्याची मागणी करतो." त्याखाली पाल्याचं नाव, पालकाचं नाव, सही. पन्नास प्रती काढल्या. प्रिंटर गरम झाला, मीही झाले!

"आपल्या मुलीची चाचणी आहे आणि तू ती रद्द करायला निघालीयेस," सलील म्हणाला.

"एक जणही सही करणार नाही, काळजी करू नकोस. हा निषेध आहे. निषेध यशस्वी व्हायचा नसतो, नोंदवायचा असतो!"

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. सलील तर विसरूच देत नाही.

शनिवारी मैदानावर साठेक मुली आणि त्यांचे पालक. मी फाटकाच्या आत एका झाडाखाली उभी राहिले आणि पहिलं पत्रक समोरून येणाऱ्या बाईंच्या हातात दिलं. आता हे सिंगापूर आहे. इथे एक माणूस कागद देतोय आणि दुसरा तो घेतोय हे दिसलं, की तिसरा त्याच्या मागे उभा राहतो. चौथा धावत येतो. कशाची रांग आहे हे विचारण्यात नंबर जातो, म्हणून ते नंतर विचारायचं! पाच मिनिटांत माझ्यासमोर चाळीस माणसांची रांग होती. सरळ, शांत, शिस्तबद्ध. इचलकरंजीत अशी रांग मी रॉकेललासुद्धा पाहिली नव्हती.

"आंटी, काळं पेन की निळं?" एका गृहस्थांनी विचारलं.

"कुठलंही! मनातून सही करा!"

"जन्मदाखल्याची कॉपी जोडायची?"

"गरज नाही!"

त्यांनी तरीही जोडली.

शू लिनची आई पहिल्या पाचात होती. "इरा मम्मी, यू हेल्पिंग द क्लब आह? सो गुड!" असं म्हणून तिने सही केली आणि मागच्या तिघांना पेन दिलं. मला वाटलं, ही मनातून आपल्याबरोबर आहे! खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या शहराला सगळे थंड म्हणतात त्या शहरात माझ्या तीन परिच्छेदांनी आग लावली होती. कुणी प्रश्न नाही, कुणी वाद नाही, नुसत्या सह्या! आप्पांच्या अख्ख्या आयुष्यात त्यांना अशी सभा मिळाली नाही.

रांगेत सत्ताविसावा सलील होता.

"तू?" मी गहिवरले. "तुला पटलं?"

"काय पटलं?" तो फोनमधून डोकं वर काढत म्हणाला. "मी टॉयलेटहून आलो, सगळे उभे होते." आणि सही करून गेला. हिशेबनीस माणूस! न वाचता!

तरीही माझी ट्यूब पेटली नाही. (ती पहिल्या दिवशीच फुटली होती.) त्रेचाळीस सह्यांचा गठ्ठा घेऊन मी विजयी पावलांनी कोचकडे गेले. कोच गोह साठीच्या, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. सह्या मोजल्या.

"फॉर्टी-थ्री पेरेंट्स," त्या म्हणाल्या. "इतक्या लोकांना नको असेल, तर मी चाचणी घेतली की सगळे तक्रार करणार. ओके लाह. चाचणी रद्द."

माझ्या कानात ढोल वाजले. जिंकलो!

"पण जागा वीसच आहेत," कोच म्हणाल्या. "मग चिठ्ठ्या टाकू. फेअर फॉर एव्हरीबडी." आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून चिठ्ठ्यांसाठी उलटी धरली.

ढोल थांबले. मागे वळून पाहिलं तर इरा उभी होती. हातात ती जाळी. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी सहा आठवडे लिंबं झेलली," ती मराठीत म्हणाली. पूर्ण मराठीत! माझी मुलगी फार दुखावली असेल तरच पूर्ण मराठीत बोलते. "शू लिनची चिठ्ठी आली आणि माझी नाही आली तर? मी नीट झेलून हरले असते तर चाललं असतं."

मला एका वाक्यात तीन परिच्छेदांचं उत्तर मिळालं होतं.

"मी पत्रक मागे घेते," मी कोचना म्हणाले.

"नाही घेता येत," इरा म्हणाली. "आप्पा आजोबांचा नियम. सभा पाहिजे."

तिने माझ्या हातातलं उरलेलं पत्रक घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी खरडलं आणि पाण्याच्या कूलरवर चढून ओरडली, "एक्सक्यूज मी! तुम्ही ज्याच्यावर सही केली ते काय आहे माहितेय का?" आणि मथळा वाचून दाखवला. त्रेचाळीस पालकांमध्ये हलकल्लोळ! "रद्द? कोणी सांगितलं रद्द?" "मला वाटलं हजेरीचा फॉर्म!" शू लिनची आई माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मी तिच्या चहात सातवं लिंबू पिळलंय.

"न वाचता सही करतात!" मी सलीलच्या कानात फणकारले. "काय हा समाज!"

"नवा ठराव," इरा म्हणाली, "चाचणी घ्यावी, वगैरे. सूचक मी. अनुमोदक कोण?"

अनुमोदक म्हणजे काय हे तिथे कोणाला ठाऊक? आणि आता कुठल्याही कागदाला हात लावायची कोणाची तयारी नव्हती. मी सलीलकडे पाहिलं. "माझी सही विरुद्ध बाजूला आहे," तो कुजबुजला. "ऑडिटमध्ये सापडेल."

इरा माझ्याकडे बघत होती. पिझ्झाच्या प्रत्येक ठरावानंतर बघते तशी. मी पुढे झाले, पेन घेतलं आणि माझ्याच पत्रकाच्या पाठीवर, माझ्याच पत्रकाविरुद्ध, अनुमोदक म्हणून झोकात सही केली. साठ मुलींनी जाळ्या वर केल्या. ठराव मंजूर!

चाचणी झाली. इराने दहातले नऊ झेलले, शू लिनने आठ. दोघी विसांत आल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळल्या. मी आनंदाने धावत मैदानात घुसणार, तेवढ्यात कोच गोह यांनी शिट्टी वाजवली आणि ठरावाचा कागद माझ्यासमोर धरला. कलम एक: चाचणी घ्यावी. कलम दोन: या वर्षीच्या सगळ्या सामन्यांना इराची आई कुंपणाबाहेर उभी राहील.

कुंपणाबाहेरून खेळ बरा दिसतो. नियम मात्र अजून समजत नाहीत. क्लबने सगळ्या पालकांना माहितीपत्रक दिलंय म्हणे. मी त्यावर सही केली आहे.