आमच्या स्टाफरूममधलं राजस्थान

राजस्थानला जाऊन आलेल्यांकडे फोटो असतात, न गेलेल्यांकडे किस्से. आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये ते ढिगाने साठलेत. चहाबरोबर कुणी एक काढला की दुसरा आपोआप येतो. हसतो आम्ही, पण एकमेकांकडे न बघता.

कोकण रेल्वे नुकती अंगवळणी पडत होती. कणकवलीला गाडीत बसलं की अख्खा देश आपलाच, असं वाटायचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीत जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर अशी टूर ठरली. म्हणजे ठरवायचं ठरलं! आम्हाला किल्ले बघायचे होते, उंटावर बसून फोटो काढायचे होते. शिवण शिकवणाऱ्या साटमबाईंना यातलं काहीच नको होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता, जैसलमेरच्या बाजूला. दोन वर्षं त्याला घरी येता आलं नव्हतं. एकटीने जिल्हा ओलांडायची बाईंना छाती नव्हती, म्हणून सगळा भरवसा आमच्यावर. मीटिंगमध्ये कसलीही चर्चा चालू असो, त्या एवढंच विचारायच्या, "जैसलमेर आसा मां?"

"आसा, आसा," आम्ही म्हणायचो.

*

कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडे, कारण मी भूगोल शिकवते. भिंतीवर भारताचा नकाशा, शेजारी आपल्या जिल्ह्याचा. जिल्ह्याच्या नकाशावर मालवण ते सावंतवाडी चार बोटं. भारताच्या नकाशावर जयपूर ते जैसलमेर, तीही चार बोटं. मी ऐटीत जाहीर केलं: नाश्ता जयपूरला, जेवण जोधपूरला आणि सूर्यास्त जैसलमेरच्या वाळूत!

सगळ्यांनी माना डोलावल्या. चित्रकलेचे परबसर तेवढे नकाशांसमोर उभे राहिले. "बाई," ते म्हणाले, "ह्या दोघांचं प्रमाण वेगळं असतं ना?"

नकाशाचं प्रमाण हा धडा मी त्याच आठवड्यात आठवीला शिकवला होता. त्या दिवसापासून 'जैसलमेर जरा लांबच पडतं' असं कुणी ना कुणी म्हणायला लागलं.

*

पुढचा प्रश्न माशांचा. तिकडे मासे मिळणार नाहीत, हे कळल्यावर स्टाफरूमला सुतकच लागलं. मुख्याध्यापक सावंतसर म्हणाले, आपण सुशिक्षित माणसं आहोत, सवय करू. आठवडाभर सगळ्यांनी शाकाहाराचा सराव करायचा ठरलं.

सोमवार, मंगळवार सोपे गेले. बुधवारी संध्याकाळी मी पदर डोक्यावरून ओढून मासळी बाजारात शिरले, तर समोर सावंतसर. हातातल्या पिशवीतून सुरमईची शेपटी डोकावत होती.

"मांजरासाठी," सर म्हणाले.

"माझंही मांजरच," मी म्हटलं.

सरांच्या घरी मांजर नव्हतं. माझ्याही नव्हतं. सराव मात्र आम्ही दोघांनी शनिवारपर्यंत यशस्वीपणे पार पाडला, असं सगळ्यांना सांगितलं.

*

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय मोठं पाऊल टाकत नाहीत. आम्ही सगळे देवळात गेलो. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां लांबच्या मुलखात चलली आसत, तेंका सुखरूप घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात.

डावी कळी पडली.

आता देव नाही म्हणाला, तर गप्प घरी जावं की नाही? सावंतसर गुरवाच्या कानाशी लागले आणि म्हणाले, जैसलमेर वगळून विचारून बघ. देवाला पर्याय द्यायचा! गुरवाने नवं गाऱ्हाणं घातलं, त्यात जैसलमेर नव्हतं. आम्ही पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझ्या शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या साटमबाईंनीही म्हटलं, आमच्याइतक्याच मोठ्याने. उजवी कळी लगेच पडली.

पायऱ्या उतरताना परबसर साटमबाईंना म्हणाले की उदयपूरला तलाव फार सुंदर आहेत. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण मीसुद्धा "हो ना" म्हटलं.

*

एवढं करून जयपूर-उदयपूर तरी झालं का? परबसर रिझर्व्हेशनला कणकवलीला गेले. फॉर्मवर प्रत्येकाचं वय लिहायचं होतं. परबसर सज्जन माणूस, बायकांची वयं अंदाजाने कशी लिहिणार? फॉर्म घेऊन परत आले. आम्ही बायकांनी एकमेकींसमोर वय सांगायचं नाकारलं. सावंतसरांचं तर शाळेतलं वय वेगळं आणि घरचं वेगळं, ते म्हणाले नंतर बघू. वयं गोळा होईपर्यंत दिवाळीच्या गाड्या भरल्या. मग पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणून आम्ही हात झटकले आणि घरोघरी चकल्या तळायला लागलो.

*

सुट्टी संपून शाळा उघडली. साटमबाईंनी टेबलावर मिठाईचा डबा ठेवला. कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, जैसलमेरची.

बाई एकटी जाऊन आली होती! कुणाला न सांगता, गाड्या बदलत, विचारत विचारत. आम्ही सगळे भोवती जमलो. मुलगा कसा आहे, भेट झाली का, आम्ही एकदम विचारायला लागलो. बरो आसा, त्या म्हणाल्या. स्टेशनवर न्यायला आला होता, सोबत त्याचे दोन मित्र आणि एक मोठी जीप. शाळेतले सगळे सर आणि बाई येणार, हे तो वर्षभर पत्रांतून वाचत होता. जेवण सगळ्यांचं सांगून ठेवलेलं होतं.

"माका एकटीक बघून इचारल्यान, आई, बाकीची खंय आसत?" बाई डब्याचं झाकण काढत म्हणाल्या. "मी सांगलंय, मागल्या डब्यात आसत. तो शेवटच्या डब्यापर्यंत जावन बघून इलो."